आइस हा शब्द कसा वापरावा: कोकण किनाऱ्यावरील नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

मालवण-तारकर्लीच्या निवासगृहांत काम करणारी मुले, हर्णै आणि मिरकरवाड्याच्या बंदरांवर मासळीचा व्यवहार पाहणारी मंडळी आणि जहाजावर नोकरीसाठी निघालेले तरुण अशांना मी गेली काही वर्षे संध्याकाळच्या वेळी कामापुरते इंग्रजी शिकवतो. या वर्गात सर्वांत जास्त घोटाळे कठीण शब्दांवर होत नाहीत. ते शाळेतच पाठ झालेल्या, म्हणून पुन्हा कधी न तपासलेल्या शब्दांवर होतात, आणि ‘आइस’ हा त्यांतला एक आहे. शब्दकोशात त्यापुढे ‘बर्फ’ एवढेच लिहिलेले असते. ते चूक नाही, पण मराठीतला बर्फ आणि इंग्रजीतला आइस यांच्या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत. त्या कोठे वेगळ्या होतात हे पुढे पायरीपायरीने दिले आहे. क्रम कामाच्या गरजेनुसार ठेवला आहे. व्याकरणाच्या पुस्तकातला क्रम येथे शोधू नये.

पहिली पायरी उच्चाराची. आपल्याकडे हा शब्द दुकानांच्या पाट्यांवर ‘आईस’ असा दीर्घ ‘ई’ घालून लिहिलेला दिसतो आणि पुष्कळ जण तो तसाच, ‘आ’ आणि ‘ईस’ असे दोन तुकडे करून म्हणतात. मराठीत ‘आईस’ याचा अर्थ ‘आईला’ असा होतो. ‘तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार’ हा जुन्या पत्रांचा मायना आमच्या पिढीला आठवत असेल. इंग्रजी शब्द मात्र एकाच झटक्यात म्हणायचा असतो: ‘आ’वरून ‘इ’कडे घसरायचे आणि लगेच ‘स’वर थांबायचे. हा शेवटचा ‘स’ स्वच्छ राहिला पाहिजे. तो ‘जाळे’ या शब्दातल्या ‘ज’कडे झुकला, तर ऐकणाऱ्याला ‘आइज’, म्हणजे डोळे, असे ऐकू येते. घशावर बोट ठेवून दोन्ही शब्द म्हणून पाहावेत. डोळ्यांच्या शब्दाच्या शेवटी घशात कंप जाणवतो, बर्फाच्या शब्दाच्या शेवटी तो थांबतो. शिवाय डोळ्यांच्या शब्दातला स्वर थोडा लांबतो आणि बर्फाच्या शब्दातला आखूड राहतो. पाहुण्याला ‘मोअर आइस?’ असे विचारताना हा फरक उपयोगी पडतो.

दुसरी पायरी मोजण्याची, आणि ती वाटते त्यापेक्षा सोपी आहे. इंग्रजीत आइस हे न मोजता येणारे नाम आहे, असे सांगितले की विद्यार्थी वहीत नियम उतरवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी ‘टू आइस’ म्हणतात. त्याऐवजी मी त्यांना विचारतो की बर्फाच्या कारखान्यावर जाऊन तुम्ही ‘दोन बर्फ द्या’ असे म्हणता का. कोणीच म्हणत नाही. आपण दोन लाद्या मागतो, टोपलीभर चुरा मागतो, पेल्यात दोन खडे टाकायला सांगतो. इंग्रजीतही नेमके हेच करायचे आहे. लादीला ‘ब्लॉक ऑफ आइस’, चुऱ्याला ‘क्रश्ड आइस’ आणि फ्रीजच्या साच्यातल्या चौकोनी खड्याला ‘आइस क्यूब’ म्हणतात. यंत्रातून पातळ पापुद्र्यांच्या रूपाने निघणारा बर्फ हा ‘फ्लेक आइस’. आकडा नेहमी लादीला किंवा खड्याला लागतो, बर्फाला लागत नाही. मोघम मागायचे असेल, तर ‘सम आइस’ पुरते. जुन्या ब्रिटिश लेखनात मात्र ‘ऍन आइस’ असे आढळते आणि तेथे त्याचा अर्थ एक आइसक्रीम असा असतो. वाचताना तो ओळखावा, स्वतः वापरण्याची गरज नाही.

तिसऱ्या पायरीवर मराठी आपल्याला प्रथमच फसवते. ‘काश्मीरमध्ये बर्फ पडतो’ आणि ‘सरबतात बर्फ घाला’ या दोन्ही वाक्यांत आपण एकच शब्द वापरतो, कारण कोकणात आकाशातून भुरभुर पडणारा बर्फ कोणी पाहिलेलाच नसतो. आपला बर्फ ट्रकमधून येतो. इंग्रजीत आकाशातून पडणारा, मऊ, पांढरा आणि भुसभुशीत असेल तो ‘स्नो’. पाणी गोठून झालेला टणक असेल तो ‘आइस’. म्हणून ‘आइस इज फॉलिंग इन काश्मीर’ हे वाक्य ऐकताच इंग्रजी भाषकाच्या डोळ्यांसमोर वरून लाद्या कोसळत असल्याचे चित्र उभे राहते. अवकाळी पावसात घाटमाथ्यावर आणि देशावर पडणाऱ्या गारांना ‘हेल’ म्हणतात. थंडीच्या एखाद्या कडक पहाटे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गवतावरचे दव गोठते आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत ‘बर्फ पडला’ अशा मथळ्याखाली येतात. तेथे ना स्नो असतो, ना नेहमीच्या अर्थाचा आइस. गोठलेल्या दवाच्या या पांढऱ्या थराला इंग्रजीत ‘फ्रॉस्ट’ म्हणतात. न गोठलेले दहिवर हे ‘ड्यू’, आणि कोकणातल्या आंब्याच्या बागायतदाराला बहुधा तेवढ्याच शब्दाची गरज पडते.

मराठीकडेही शब्दांची उणीव नाही, फक्त त्यांची वाटणी वेगळी आहे. ‘बर्फ’ हा फारसीतून आलेला शब्द बाजारात आणि घरात रुळला, तर संस्कृतातला ‘हिम’ पुस्तकांत आणि जोडशब्दांत राहिला: हिमवृष्टी, हिमनदी, हिमनग. आपण खातो ती बर्फी याच फारसी बर्फावरून नाव घेऊन आली आहे. इंग्रजीतून मराठीत आणताना हिमाचे जोडशब्द वापरावेत, पण मराठीतून इंग्रजीत जाताना सावध राहावे, कारण हिम हा शब्द स्नो आणि आइस या दोघांनाही लागतो. हिमवृष्टीतले हिम स्नो असते आणि हिमनगातले हिम आइस असते. गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकावरील मैत्री आणि भारती या भारतीय केंद्रांच्या मोहिमांचे काम आपल्याच किनाऱ्यावरच्या या संस्थेतून चालते. त्या विषयावरच्या बातम्या इंग्रजीत वाचताना एक भेद लक्षात ठेवावा. ‘सी आइस’ म्हणजे समुद्राचेच पाणी गोठून त्यावर तरंगणारा बर्फ आणि ‘आइस शीट’ म्हणजे जमिनीवर साचून राहिलेला प्रचंड थर. पहिला आधीच पाण्यावर तरंगत असल्याने तो वितळल्यावर समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, दुसरा वितळून समुद्रात आला की वाढते. मराठी बातम्यांत दोन्हींना सरसकट ‘बर्फ’ म्हटले जाते आणि वाचकाचा गोंधळ तेथून सुरू होतो.

चौथी पायरी बंदरावरची आहे आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. एका निवासगृहात परदेशी पाहुण्याने सुरमईकडे बोट दाखवून विचारले की हा मासा आइस्ड आहे की फ्रोझन. माझ्याच वर्गातल्या मुलाने मोठ्या अभिमानाने सांगितले, ‘नो आइस, सर, नो आइस.’ पाहुण्याने त्या रात्री वरणभात खाल्ला. मुलाला आपले काय चुकले ते कळेना, कारण कोकणात याहून चांगले उत्तर असूच शकत नाही. बाजारात मालवणी गिऱ्हाईक कोळणीला पहिला प्रश्न करते तो ‘बर्फातलो नाय मा?’ हाच, ‘बर्फातला’ म्हणजे शिळा, बाहेरगावाहून आलेला, चव गेलेला. ज्या गावात होडी सकाळी लागते आणि मासा दुपारी कढईत जातो, त्या गावात ही भाषा योग्यच आहे. परंतु पाहुण्याच्या देशात मासा पकडल्यापासून ताटात येईपर्यंत बर्फात राहिला असेल तरच तो विश्वासाचा मानला जातो. मे महिन्याच्या उन्हात बर्फाशिवाय ठेवलेला मासा म्हणजे त्याच्या लेखी पोट बिघडण्याची हमी.

म्हणून येथे चार शब्द वेगळे करून शिकावेत. ‘फ्रेश’ म्हणजे ताजा, आणि बर्फात ठेवलेला मासाही फ्रेश असू शकतो. ‘आइस्ड’ म्हणजे बर्फात ठेवलेला, पण न गोठलेला. ‘चिल्ड’ म्हणजे थंड ठेवलेला, मग तो बर्फाने असो वा यंत्राने. ‘फ्रोझन’ म्हणजे आतपर्यंत गोठून दगड झालेला, आणि व्यापारात असा माल साधारणपणे उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवतात. बर्फात ठेवलेला मासा गोठत का नाही, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. वितळणारा बर्फ शून्य अंशावर असतो आणि माशाच्या शरीरातले पाणी क्षारांमुळे शून्याच्या थोडे खाली गेल्याशिवाय गोठत नाही, म्हणून वितळत्या बर्फाच्या पेटीत मासा कितीही वेळ राहिला तरी तो थंड होतो, पण दगड होत नाही. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. तेवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. आपल्यासारख्या उष्ण किनाऱ्यावर एक किलो मासळीला साधारण एक किलो बर्फ धरतात तो याच हिशेबाने.

त्या मुलाने खरे तर असे म्हणायला हवे होते: ‘इट्स फ्रेश. इट केम इन धिस मॉर्निंग अँड वी केप्ट इट ऑन आइस.’ येथे ‘ऑन आइस’ असे म्हणायचे. मराठीत मासा बर्फात असतो, इंग्रजीत तो बर्फावर असतो, मग चुरा माशाच्या वरून का टाकलेला असेना. निर्यातीच्या कामात असणाऱ्यांनी याच्या जोडीला ‘ग्लेझ’ हा शब्द शिकून ठेवावा. गोठवलेल्या कोळंबीवर पाण्याचा पातळ थर देऊन तो गोठवतात, म्हणजे ती सुकत नाही. हा थरही बर्फाचाच असतो, पण कागदपत्रांत त्याला आइस न म्हणता ग्लेझ म्हणतात आणि निव्वळ वजनात तो धरत नाहीत. वजनावरून होणारी अर्धी भांडणे या एका शब्दाने मिटतील.

आइस हा शब्द क्रियापद म्हणूनही चालतो. ‘आइस द फिश’ म्हणजे मासे बर्फात लावा, ‘आइस युअर अँकल’ म्हणजे मुरगळलेल्या घोट्याला बर्फ लावा. ‘आइस द केक’ असे ऐकल्यावर मात्र बर्फ आणायला धावू नये. केकवरच्या साखरेच्या थराला ‘आइसिंग’ म्हणतात आणि त्यात बर्फाचा कणही नसतो.

पाचव्या पायरीवर बर्फाचे पाणी होते. ‘बर्फ विरघळला’ असे आपण सर्रास म्हणतो आणि मराठीत ते खपून जाते, परंतु ‘विरघळणे’चे इंग्रजी ‘डिझॉल्व्ह’ असे करून ‘आइस डिझॉल्व्ड’ म्हटले, तर चूक होते. साखर पाण्यात विरघळते, बर्फ वितळतो. इंग्रजीत त्याला ‘मेल्ट’ हेच क्रियापद लागते. गोठलेला मासा नरम होतो तेव्हा मेल्टही चालत नाही, तेथे ‘थॉ’ म्हणतात, आणि फ्रीजरमध्ये साचलेला बर्फ काढण्याला ‘डिफ्रॉस्ट’. फ्रीज आणि फ्रीझ यांतही गल्लत होते. आपण ज्याला फ्रीज म्हणतो ते कपाट इंग्रजीत ‘फ्रिज’, ऱ्हस्व. ‘फ्रीझ’ म्हणजे गोठवणे. पाहुण्याने औषध फ्रिजमध्ये ठेवायला दिले आणि आपण ते फ्रीझ केले, तर औषध वाया जाते.

सहावी पायरी जेवणाच्या टेबलावरची. कोकम सरबत किंवा शहाळे देताना ‘विथ आइस ऑर विदाउट?’ एवढा प्रश्न पुरेसा आहे. विदाउट म्हणणाऱ्यांची संख्या मोठी असते. बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, ही त्यांची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर तयार असावे. मासळी थंड ठेवण्यासाठीचा बर्फ आणि खाण्याचा बर्फ वेगळा ओळखू यावा म्हणून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याची सक्ती महाराष्ट्रात २०१८ मध्ये आली. त्यामुळे निळसर लादी दिसली की ती पेटीत जायची, पेल्यात नाही. इंग्रजीत खाण्याच्या बर्फाला ‘एडिबल आइस’ म्हणतात. पाहुण्याला मात्र ‘आवर आइस इज मेड फ्रॉम ड्रिंकिंग वॉटर’ असे साधे सांगावे, आणि ते खरे असेल तरच सांगावे.

मद्याच्या बाबतीत गंमत अशी की बर्फ हवा असतो तेव्हा आइस हा शब्द उच्चारलाच जात नाही. ‘ऑन द रॉक्स’ म्हणजे नुसत्या बर्फाच्या खड्यांवर ओतलेले पेय. आमच्या वर्गातल्या एका मुलाला वाटले होते की पाहुण्याला खडकावर बसून प्यायचे आहे, आणि समुद्रकिनाऱ्यावर ही समजूत अगदीच अस्थानी नाही. ‘आइस्ड टी’ हा बर्फ घातलेला चहा, परंतु ‘आयसी’ म्हणजे बर्फासारखा गार किंवा बर्फाने माखलेला, म्हणून वाऱ्याला, रस्त्याला आणि तुटक आवाजात बोलणाऱ्या माणसाच्या सुरालाही आयसी म्हणतात. चहाला आयसी म्हणू नये. सायकलीवरून ‘गाऽऽरेगार’ अशी आरोळी देत येणाऱ्या विक्रेत्याच्या कांडीला कोणी गारेगार म्हणते, कोणी आइसफ्रूट, कोणी आइसकांडी. यांतला आइसफ्रूट हा शब्द इंग्रजी दिसत असला, तरी इंग्रज माणसाला तो सांगितल्यास त्याला गोठवलेले फळ वाटेल. त्याच्या भाषेत ती ‘आइस लॉली’. किसलेल्या बर्फाच्या गोळ्याला ‘शेव्हड आइस’ म्हणता येईल, तथापि ‘गोळा’ हाच शब्द सांगून तो खायला द्यावा, हे मला अधिक बरे वाटते.

बर्फ हा येथे फार जुना पाहुणा नाही. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने बॉस्टनहून लाकडाच्या भुशात रचलेला, तळ्यांतून कापलेला बर्फ जहाजाने कलकत्त्याला पाठवला. पुढे हा व्यापार मुंबई आणि मद्रासपर्यंत पोहोचला, आणि चेन्नईतल्या एका भागाला ‘आइस हाउस’ हे नाव त्या बर्फाच्या कोठारावरून अजून चिकटलेले आहे. आजच्या कारखान्यात पाण्याचे डबे मिठाच्या अतिथंड पाण्यात बुडवून लाद्या तयार करतात. मीठ घातलेले पाणी शून्याखालीही द्रवच राहते, म्हणून ते डब्यांतले गोडे पाणी गोठवू शकते. त्या खाऱ्या पाण्याला इंग्रजीत ‘ब्राइन’ म्हणतात.

सातव्या पायरीवरचे जोडशब्द झटपट पाहता येतील, कारण येथे समजण्यापेक्षा लक्षात ठेवणेच अधिक आहे. ‘ड्राय आइस’ हा पाण्याचा बर्फच नव्हे. तो गोठलेला कार्बन डायऑक्साइड असतो, त्याचे तापमान सुमारे उणे ७८ अंश असते आणि तो वितळून ओला होण्याऐवजी थेट वायू होतो. उघड्या हाताने त्याला शिवू नये आणि बंद खोलीत ठेवू नये. ‘ब्लॅक आइस’ काळा नसतो. तो रस्त्यावरचा पारदर्शक थर असतो आणि खालचे डांबर त्यातून दिसते म्हणून हे नाव पडले आहे. थंड देशांत वाहन चालवणाऱ्याने हा शब्द ऐकताच वेग कमी करावा. जहाजावर जाणाऱ्यांना ‘आइस क्लास’ हा शब्द भेटेल; तो बर्फाळ समुद्रासाठी मजबूत केलेल्या जहाजाची प्रत सांगतो, शिकवणीच्या वर्गाशी त्याचा संबंध नाही. मोबाइलमध्ये कोणी आइस या नावाने क्रमांक साठवला असेल, तर ती ‘इन केस ऑफ इमर्जन्सी’ची आद्याक्षरे असतात, म्हणजे अपघात झाल्यास ज्याला कळवायचे त्या माणसाचा तो क्रमांक. बोलीत हिऱ्यांना आणि एका घातक अमली पदार्थालाही आइस म्हणतात. किनाऱ्यावर एखाद्या अनोळखी माणसाने रात्री हलक्या आवाजात ‘आइस’ मागितला, तर त्याला सरबताचा बर्फ हवा आहे असे गृहीत धरू नये.

आठवी पायरी वाक्प्रचारांची आहे आणि ती शेवटी ठेवण्याचे कारण असे की नवशिक्याने ते आधी ओळखायला शिकावेत, बोलण्याची घाई करू नये. ‘ब्रेक द आइस’ म्हणजे अनोळखी माणसांमधला अवघडलेपणा घालवून बोलणे सुरू करणे. मराठीत आपण कोंडी फोडतो. ‘कट्स नो आइस’ म्हणजे आपल्या बोलण्याचा समोरच्यावर काही परिणाम न होणे, म्हणजेच डाळ न शिजणे. ‘पुट ऑन आइस’ याचे भाषांतर पुष्कळ जण ‘बासनात गुंडाळणे’ असे करतात, पण ते मला नेमके वाटत नाही. बासनात गेलेली गोष्ट सहसा परत निघत नाही, तर बर्फावर ठेवलेली गोष्ट, माशाप्रमाणेच, पुढे वापरायची म्हणून ठेवलेली असते. ‘तूर्तास बाजूला ठेवणे’ हे अधिक जवळचे आहे. ‘ऑन थिन आइस’ समजायला गोठलेल्या तळ्यावर चालण्याचा अनुभव लागतो आणि तो आपल्यापैकी कोणालाच नाही; श्रावणात शेवाळलेल्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, डोक्यावर ओझे घेऊन उतरणाऱ्या माणसाची जी स्थिती असते, ती आठवावी. ‘टिप ऑफ द आइसबर्ग’ मराठीत हिमनगाचे टोक म्हणून स्थिरावलेच आहे. ते टोक लहान का, याचे उत्तर घनतेत आहे. बर्फ समुद्राच्या पाण्यापेक्षा थोडासाच हलका असल्याने हिमनगाचा जवळजवळ नऊ दशांश भाग पाण्याखाली राहतो.

सरावासाठी हर्णैचा लिलाव किंवा जवळचे कोणतेही बंदर उत्तम. तेथे तासभर उभे राहून दिसेल त्या बर्फाला मनात नाव द्यावे: ही ट्रकमधून उतरणारी लादी, हा यंत्रातून पडणारा चुरा, ही थर्माकोलच्या पेटीत बर्फावर ठेवलेली पापलेटे, हे पेटीच्या भोकातून गळणारे वितळलेले पाणी. प्रत्येकासाठी एक पूर्ण इंग्रजी वाक्य करावे आणि त्यात आकडा लादीला लागला आहे की बर्फाला, हे तपासावे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असल्याने बंदरावर बर्फ फारसा दिसणार नाही. त्या दोन महिन्यांत घरच्या फ्रीजमधल्या खड्यांवर भागवावे.